झडती

‘झडती’ हा शब्द आपल्याकडे कधी चांगल्या अर्थाने वापरला गेलेला नाही. झडती घ्यायची ती संशयिताची. पोलीस घराची झडती घेतात, वर्गात कुणाचे पेन हरवले की मास्तर दप्तरांची झडती घेतात. आणि ज्याची झडती होते त्याचे नाव निम्मे तेव्हाच खराब होते, मग खिशात काही सापडो अथवा न सापडो. परंतु गेल्या पन्नासएक वर्षांत एक स्थान असे निर्माण झाले आहे, की जिथे मोठी प्रतिष्ठित माणसे स्वतःच्या पायांनी रांगेत येऊन उभी राहतात, कमरेचा पट्टा सोडतात, घड्याळ काढतात, दोन्ही हात पसरून लहानशा चौथऱ्यावर चढतात आणि एका अनोळखी माणसाला आपले अंग चाचपू देतात. एवढेच नव्हे, तर त्यासाठी हजारो रुपयांचे तिकीटही काढतात. ते स्थान म्हणजे विमानतळ.

या विषयाकडे मी वळले त्याचे कारण सांगितले पाहिजे. पिंपळे सौदागर हे एका पिढीपूर्वी पवनेकाठचे शेतीचे गाव होते. आज तिथे बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत, आणि त्यांत हिंजवडीला नोकरी करणारी व मुले-लेकी परदेशी असलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. माझी आई अशा तीन घरी स्वयंपाकाला जाते. त्यांपैकी एका घरच्या आजींच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे आणि त्यांना लेकीकडे जायचे होते. “विमानतळावरच्या त्या चौकटीतून गेले तर माझे यंत्र बंद पडेल का गं?” असे त्यांनी आईला विचारले, आणि आईने तो प्रश्न जसाच्या तसा मला आणून दिला. आमच्या घरातले कोणी अद्याप विमानात बसलेले नाही. पण जी मुलगी कॉलेजात जाते तिला सर्व काही ठाऊक असते, अशी आईची समजूत आहे, आणि ती मोडण्याचे धैर्य मजजवळ नव्हते. म्हणून वाचू लागले. आजींच्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. पण वाचता वाचता जे इतर प्रश्न उभे राहिले ते अधिक मोठे निघाले.

आपल्या देशात विमानप्रवाशांची झडती आरंभापासून नव्हती. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले ‘गंगा’ नावाचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक बोइंग पुन्हा लाहोरलाच नेले गेले. त्यानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये सुरक्षेसाठी एक स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. पुढे २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने नष्ट झाले व ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. बॉम्ब सामानाच्या बॅगेत होता. आणि त्या दिवशी टोरांटोच्या विमानतळावर सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बिघडले होते! १ एप्रिल १९८७ पासून नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हे स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर १९९९ मधले कंदाहार प्रकरण सर्वांना माहीत आहे. त्यानंतर, २००० सालापासून, विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. हे दल १९६९ साली उभारले गेले ते सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांच्या रक्षणासाठी, हे त्याच्या नावावरूनच कळते. म्हणजे कामगारांच्या फाटकावर उभा राहणारा रक्षक पुढे विमानाच्या प्रवाशांसमोर येऊन उभा राहिला. आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना यात नवल वाटू नये.

आता यंत्रांकडे वळू. लोकांच्या मनात एक मोठा गोंधळ आहे तो असा, की विमानतळावरचे प्रत्येक यंत्र म्हणजे क्ष-किरण यंत्र, आणि त्यातून गेले की शरीरात किरण शिरतात. वस्तुतः तिथे दोन-तीन अगदी निरनिराळ्या जातींची यंत्रे असतात, आणि त्यांत एकमेकांशी काही नाते नाही.

ज्या चौकटीतून माणूस चालत जातो ती धातुशोधक चौकट. तिच्या खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून विद्युत्प्रवाहाचे झटके सोडले, की चौकटीत एक क्षीण, झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे लहान प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि चौकटीला ते जाणवते. स्वयंपाकघरातली इंडक्शनची शेगडी याच तत्त्वावर भांडे तापविते. फक्त तिथे जोर फार मोठा असतो आणि इथे नाममात्र. पुष्कळांना वाटते, की लोखंड लोहचुंबकाला चिकटते म्हणून तेच वाजते आणि सोने-चांदी वाजत नाही. तसे नाही. ज्यातून वीज वाहते ते सर्व वाजते. मंगळसूत्र, पाटल्या, पैंजण, जोडवी आणि गुडघ्यात बसविलेली धातूची वाटीसुद्धा. या चौकटीत क्ष-किरण अजिबात नसतात. गरोदर बाईने तिच्यातून जाण्यास हरकत नाही.

पेसमेकरचे म्हणाल, तर तेही तिच्यातून जाऊ शकतात. मात्र नेहमीच्या चालीने सरळ पुढे जावे, चौकटीत रेंगाळू नये अथवा खांबाला टेकून उभे राहू नये. हातातला धातुशोधक, म्हणजे ती काळी दांडी, छातीशी फार वेळ धरू नये, एवढे रक्षकाला सांगावे. इस्पितळातून मिळालेले पेसमेकरचे कार्ड जवळ ठेवावे आणि हाताने तपासणी करा अशी विनंती करावी. ते कार्ड म्हणजे झडतीतून सूट नव्हे. कार्ड दाखविले तरी तपासणी होतेच, पण तिची रीत बदलते. ज्यांच्या पोटाला इन्सुलिनचा पंप लावलेला असतो त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी काही पंपांना क्ष-किरण यंत्रातून नेऊ नये असे बनविणारेच लिहून देतात. तेव्हा सोबतचे कागद आधी वाचावेत.

क्ष-किरण असतात ते सरकत्या पट्ट्याच्या यंत्रात, जिथे आपले सामान आत जाते. ते यंत्र दोन निराळ्या शक्तींचे किरण वापरते आणि त्यांवरून आतल्या वस्तूला पडद्यावर रंग देते. अन्न, कापड, कागद, साबण अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात, मधले हिरवे. दुर्दैवाने पुष्कळशी स्फोटकेही सेंद्रियच असल्याने नारिंगीच दिसतात, आणि म्हणूनच आपल्याकडच्या बायकांनी लेकीसाठी बांधून दिलेले डिंकाचे लाडू पाहून पडद्यासमोरचा माणूस बॅग बाजूला काढतो. त्याला लाडवांचे वैर नसते. (सुके खोबरे मात्र निराळ्या कारणाने अडते. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना धोकादायक मालात आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाला हे सांगून उपयोग नाही.) या यंत्रातून गेलेले अन्न किरणोत्सारी होत नाही, खोलीतला दिवा मालवल्यावर उजेड जसा भिंतीत साठून राहत नाही, तसेच हे. यंत्राच्या तोंडाशी जे जड पडदे लोंबतात त्यांत शिसे असते, किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. ट्रे अडकला तर पडदा सारून हात आत घालणारे लोक असतात. ते मात्र करू नये.

खरा वाद झाला तो तिसऱ्या यंत्रावर, म्हणजे बॉडी स्कॅनरवर. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपविलेली स्फोटक पूड पेटविण्याचा प्रयत्न केला. पूड धातूची नसल्याने कोणत्याही चौकटीला ती कळली नसती. तेव्हा अमेरिकेने माणसाच्या कपड्यांखालचे पाहणारी यंत्रे झपाट्याने बसविली. त्यांत दोन जाती होत्या. एक क्षीण क्ष-किरण अंगावर टाकून ते कातडीवरून परत कसे उसळतात ते पाहणारी. दुसरी मिलिमीटर तरंगांची, म्हणजे मोबाइलच्या तरंगांचेच जवळचे भावंड. हे तरंग कपड्यांतून आरपार जातात आणि कातडीवरून परततात. शरीराच्या आत शिरत नाहीत.

पहिल्या जातीची भीती लोकांना वाटली ती अगदीच निराधार नव्हती, पण तिचे माप घेणे आवश्यक आहे. किरणांची मात्रा मोजण्याचे एकक सिव्हर्ट. त्याचा दशलक्षांश म्हणजे मायक्रोसिव्हर्ट. जमीन, भिंती, अन्न आणि आकाश यांच्याकडून जगातल्या सर्वसाधारण माणसाला वर्षाला सुमारे २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा. त्या क्ष-किरण स्कॅनरची एक तपासणी सुमारे ०.१ मायक्रोसिव्हर्टची. आणि गंमत अशी, की विमान उंचावर गेले की हवेचे पांघरूण पातळ होते व आकाशातून येणारे किरण वाढतात. आपल्या अक्षांशांवर तासाला साधारण दोन-तीन मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे पुण्याहून दिल्लीला जाताना जेवढे किरण प्रवासात मिळतात, तेवढे मिळण्यास त्या यंत्रात चाळीसएक वेळा उभे राहावे लागेल. जो स्कॅनरला भ्यायला त्याने विमानाला अधिक भ्यायला हवे होते. तरीही युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०११ मध्ये ही क्ष-किरण जात आपल्या विमानतळांसाठी वगळली, आणि मला ते योग्य वाटते. एका माणसाला होणारा अपाय नगण्य असला, तरी कोट्यवधी माणसांवर तो विनाकारण का लादावा, जेव्हा किरणांशिवाय चालणारे दुसरे यंत्र हाताशी आहे?

अमेरिकेतूनही ती जात २०१३ साली गेली. परंतु आरोग्यामुळे नव्हे, लज्जेमुळे. ही यंत्रे आरंभी माणसाचे जे चित्र दाखवीत ते जवळजवळ विवस्त्र असे. ओरड झाली, आणि कायद्याने असे ठरले की पडद्यावर खऱ्या शरीराऐवजी सर्वांसाठी एकच साधी बाहुली दाखवावी व संशयाच्या जागी नुसती खूण करावी. मिलिमीटर तरंगांच्या यंत्रांना ते जमले; क्ष-किरण यंत्रे बनविणाऱ्यांना मुदतीत जमले नाही, म्हणून यंत्रे उचलावी लागली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. सुरक्षा हवी तर अब्रू सोडा, असे जे सांगितले जात होते ते खरे नव्हते. आग्रह धरल्यावर दोन्ही साधणारे यंत्र निघाले.

आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये सुरक्षा ब्यूरोने ८४ विमानतळांवर बॉडी स्कॅनर बसविण्याचा आदेश काढला. ठरविलेल्या मुदतीत ते झाले नाही. या यंत्राला घड्या आवडत नाहीत. कापडाची जाड चुणी आली, अंगाला घाम असला, की ते खूण करते. नऊवारी नेसलेल्या बाईसमोर ते काय करील, याची कल्पनाच केलेली बरी! तेव्हा हाताने झडती इतक्यात जाणार नाही.

साडीवरून आठवले. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन विमानतळावर एका भारतीय बाईंना रांगेतून बाजूला काढून अंग चाचपून तपासले गेले, आणि कारण हेच, की त्या साडीत होत्या. त्या बाई म्हणजे मीरा शंकर, अमेरिकेतल्या आपल्या राजदूत. त्याआधी एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसांनी माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. त्यांनी स्वतः तक्रार केली नाही. संसदेत गदारोळ झाला तो तीन महिन्यांनी, बातमी फुटल्यावर. आपल्या विमानतळांवर झडतीतून सूट असलेल्या व्यक्तींची एक लांबलचक यादी लावलेली असे. बहुतेक नावे पदांची. पण एका खाजगी गृहस्थाचे नाव त्यात स्वतंत्रपणे छापलेले होते व २०१५ मध्ये टीका झाल्यावर ते काढले गेले. मला असे वाटते, की विमानतळावरची झडती लोक निमूटपणे सोसतात ती किरणांविषयी खात्री पटली म्हणून नव्हे, तर पुढचा व मागचा दोघेही तेच सोसत आहेत हे डोळ्यांना दिसते म्हणून. सूट जितकी वाढेल तितका अपमान वाढेल.

आणि सर्वांना एकच नियम लावला तरी तो सर्वांना सारखा बसत नाही, हेही खरे. नर्तकी सुधा चंद्रन यांचा एक पाय कृत्रिम आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून जाहीर विनंती केली, की प्रत्येक प्रवासात विमानतळावर मला पाय काढून दाखवावा लागतो, हे थांबवा. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, दुसऱ्या एका प्रकरणाच्या सुनावणीत, सर्वोच्च न्यायालयानेही असे मत दिले की अपंग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढावयास सांगू नये. आपल्यापैकी कुणाला कुणी चष्मा काढा म्हटले तर आपण काढतो. पाय काढा म्हणणे आणि चष्मा काढा म्हणणे यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो माणसालाच कळावा लागतो.

आपणा विद्यार्थ्यांना हे दूरचे वाटत असेल, तर जुलै २०२२ मधली केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातली घटना आठवावी. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला आलेल्या मुलींना अंतर्वस्त्रे काढून मगच आत जाण्यास सांगितले गेले, कारण त्यांतल्या धातूच्या हुकांमुळे यंत्र वाजले! मुलींनी कशा मनःस्थितीत पेपर लिहिला असेल? गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. धातुशोधक फक्त ‘धातू आहे’ एवढेच म्हणतो. ‘ही चोर आहे’ असे तो म्हणत नाही. ते शब्द आपण त्याच्या तोंडी घालतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निरंकुश नाही; सरकारला त्यात हात घालता येतो. मात्र त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. विमानतळावरची झडती या तीन कसोट्यांना बहुतांशी उतरते. आमच्या प्राध्यापकांनी राज्यशास्त्राच्या तासाला हा निर्णय समजावून सांगितला, तेव्हा माझ्या मनात मात्र विमानतळ नव्हता; सोसायटीचे फाटक होते.

माझी आई सकाळी फाटकात शिरते तेव्हा फाटकावरचा फोन तिचा चेहरा ओळखतो, वेळ नोंदवितो, आणि ती कुणाच्या घरी किती वेळ होती हे त्यात राहते. दुपारी बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवावी लागते. त्याच फाटकातून साहेबांची गाडी जाते, तिची डिकी कुणी उघडत नाही. विमानतळावर ‘डिजियात्रा’ म्हणून चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय डिसेंबर २०२२ मध्ये निघाली, पुण्यात लोहगावला ती २०२३ मध्ये आली. ती ऐच्छिक आहे, आणि विमान सुटल्यावर चोवीस तासांत विमानतळाकडची माहिती पुसली जाते असा नियम आहे. त्यावरही शिकल्यासवरल्या प्रवाशांनी वृत्तपत्रांतून शंका काढल्या, न विचारता चेहरा टिपला म्हणून तक्रारी केल्या, आणि ते ठीकच केले. आईचा चेहरा किती तासांनी पुसतात, हे तिने विचारले नाही. मी विचारले. फाटकावरच्या मामांना ते ठाऊक नव्हते, आणि सचिवांनी “नियम आहे” एवढेच सांगितले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. नियम सोसायटीचा असला तरी माहिती आईचीच असते.

कायद्यात स्त्रीच्या झडतीविषयी एक जुने आणि चांगले वाक्य आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९ व्या कलमात आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, आणि सभ्यतेची काटेकोर बूज राखून घ्यावी, असा त्याचा आशय. विमानतळावर बायकांसाठी पडद्याची खोली असते ती याच विचारातून. हे कलम अटक झालेल्या स्त्रीसाठी आहे. अटक झालेल्या स्त्रीला जी बूज, ती पाळी सुटल्यावर घरी निघालेल्या कामगार बाईला का नसावी?

आमच्या शेजारच्या ताई चाकणकडच्या एका कारखान्याच्या फाटकावर महिला सुरक्षारक्षक आहेत. पाळी सुटली की दहा-पंधरा मिनिटांत दीडदोनशे बायका त्यांच्या हातांखालून जातात. बाहेर कंपनीच्या बसचा भोंगा वाजत असतो. या विषयावर मी जे काही वाचले त्यापेक्षा त्यांच्याशी एक संध्याकाळ बोलून मला अधिक कळले. त्या म्हणाल्या, की झडती घेणारीलाही लाज वाटते, हे कुणी ध्यानात घेत नाही. म्हणून त्या आधी स्वतःचे दोन्ही तळवे उघडे करून समोरच्या बाईला दाखवितात, मग “हात लावू का ताई?” असे विचारतात, आणि हाताची मागची बाजू वापरतात, पुढची नाही. नवी मुलगी रुजू झाली की तिला हे तीन दिवस शिकवितात. तेथे पूर्वी आडोसा नव्हता. झडती पुरुषांच्या रांगेसमोरच होई. ताईंनी दोनदा अर्ज दिला, उत्तर आले नाही. मग त्यांनी घरची एक जुनी चादर नेली आणि खिळे ठोकून तिचा पडदा केला. पाच महिने तो पडदा तसाच होता. आता तिथे पत्र्याची खोली आहे, आतून कडी आहे, आणि कडी लावायची ती आत आलेल्या बाईने, असा ताईंचा नियम आहे.